आयर्लंड: त्याला व्हिसा नको, मला हवा

आयर्लंडला जायचं ठरलं ते नितीनच्या नव्या निळ्या पासपोर्टमुळे. माझा नवरा गेल्या वर्षी अमेरिकन नागरिक झाला आणि तेव्हापासून अमेरिकेत, पार्सिपनीतल्या आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर जगाचा नकाशा पसरलेला असतो. "तीन महिन्यांपर्यंत व्हिसाच नको यार, तिकीट काढायचं आणि निघायचं!" हे त्याच्यासाठी. मी अजून भारतीयच आहे. नागरिकत्वाचा अर्ज मलाही कधीच करता आला असता, पण भारताचं नागरिकत्व सोडायला मन धजत नाही. यावरून आमच्यात अधूनमधून वाजतं.

माझ्यासारख्यांनी लक्षात ठेवा: ग्रीन कार्ड असलं तरी भारतीय पासपोर्टला आयर्लंडचा वेगळा व्हिसा लागतो. युरोपातल्या इतर देशांसाठीचा शेंगेन व्हिसा इथे चालत नाही. मला मिळाला तो एकदाच आत जाण्याचा. नियम बदलत असतात, तेव्हा निघण्यापूर्वी दूतावासाकडून खात्री करून घ्या.

डब्लिनला नितीनच्या पासपोर्टवर बघता बघता शिक्का पडला. मला मात्र हॉटेल, नोकरी, परतीचं तिकीट, सगळं विचारलं. अधिकारी सभ्य होता, तरी मी न विचारलेले कागदही पुढे करत राहिले.

पुढचे दिवस सुखाचे गेले. गाडी डावीकडून चालवायची, म्हणजे नागपूरची सवय कामी आली. ऑटोमॅटिक गाडी महाग पडते आणि आधीच सांगून ठेवावी लागते. राहायला घरगुती बी अँड बी घ्या, नाश्ता भाड्यातच असतो. शाकाहारी असाल तर भाज्यांचं सूप आणि ब्राउन ब्रेड जवळपास कुठेही मिळतो. वायव्य टोकाला डोनेगलच्या किनाऱ्यावर वारा इतका, की बोललेलं ऐकू येईना. समोरच्या त्या पाण्यापलीकडे आपलं घर आहे, हे तिथे उभं राहून खरंच वाटेना.

परतताना नितीननं डब्लिनचा जवळचा रस्ता धरला. थोड्या वेळानं तो ओरडला, "ए, पाट्या मैलांत आल्या बघ! एकदाचं घरच्यासारखं वाटलं." मलाही बरं वाटलं. पुढे पाण्याची बाटली घ्यायला थांबलो, तर किमती युरोऐवजी पौंडांत.

"हे आयर्लंडच ना?" मी दुकानातल्या बाईंना विचारलं.

"नॉर्दर्न आयर्लंड. म्हणजे युनायटेड किंगडम," त्या हसून म्हणाल्या.

ना चौकी, ना शिपाई, आणि मी व्हिसाशिवाय दुसऱ्याच देशात. परत आयर्लंडमध्ये शिरायचा हक्कही कागदोपत्री संपलेला. 

"अगं, इथे कोणी चेक करत नाही. तासाभरात पार होऊ," नितीन म्हणाला.

"तुला विचारलं तर तू पासपोर्ट दाखवशील. मला विचारलं तर?"

त्यानं गाडी वळवली. आलो त्याच रस्त्यानं मागे गेलो आणि लांबच्या वाटेनं, उरलेला दिवस घालवून डब्लिनला पोचलो. कुणीही अडवलं नाही. तरी विमान सुटेपर्यंत माझ्या जिवात जीव नव्हता. म्हणून सांगते, तिथला नकाशा घ्याल तेव्हा सीमेची रेघ आधी पेननं ठळक करून घ्या.

घरी आल्यावर नितीननं नागरिकत्वाचा विषय काढलाच नाही. शेवटी मीच म्हणाले, "करून टाकते अर्ज."

"नक्की? त्या दिवसामुळे?"

"हो, त्याच दिवसामुळे."

त्याला आनंद झालेला दिसला नाही. मलाही झाला नाही. हा निर्णय कधीतरी मनापासून होईल असं वाटत होतं, तो भीतीनं करून घेतला, याचं वाईट वाटतं. नागपूरला बाबांना अजून सांगितलेलं नाही. ते दर रविवारी फोनवर विचारतात, "मग, कायमचे परत कधी येताय?" आणि मी दर वेळी "बघू" म्हणते. या रविवारीही म्हटलं.

बाबा म्हणाले, "हो, बघा. घाई नाही."