भाऊजींना कुणी वाचवलं

नर्सबाईंनी वाचवलं. हे आधी लिहितो, मग बाकीचं. कारण परळीत अजूनही कुणीतरी सांगत असेल की राखेनं वाचवलं, आणि ते आठवलं तरी माझं डोकं फिरतं. बाई आमच्या वीटभट्टीमागच्या गल्लीत राहायच्या, सरकारी दवाखान्यात नोकरीला होत्या, तोंडानं जरा फटकळ.

मी सातवीतनं शाळा सोडलेला. बहिणीच्या नवऱ्याबरोबर, म्हणजे भाऊजींबरोबर, वर्ध्याकडून परळीला राखेच्या विटा पाडायला आलो होतो. थर्मलची, म्हणजे वीजकेंद्राची, राख ढिगानं मिळायची आणि जिकडंतिकडं बांधकामं निघाली होती. बहीण गावाकडं, दिवस गेलेले. निघताना म्हणाली, "यांच्याकडं लक्ष ठेवजो." मी आधीच घाबरट. भाऊजी पाण्याच्या मोटारीजवळ गेले तरी मी हातातलं काम टाकून बघत राहायचो.

आणि मोटारीनंच धरलं. ओल्या हातानं खटका दाबला आणि चिकटले. मुकादमानं मेन स्विच पाडला तेव्हा खाली कोसळले. डोळे अर्धे उघडे, छाती हलत नव्हती.

"राखेत पुरा," मुकादम म्हणाला. "करंट वढून घेती राख."

मी म्हणालो, श्वास चालत नाहीये, दवाखान्यात नेऊ.

"गप बे. तिकडचा तू, तुला काय ठावं?"

मला बाजूला ढकललं. खड्डा करून भाऊजींना आडवं घातलं आणि गळ्यापर्यंत ओली राख लोटली. जी छाती हलायला हवी होती तिच्यावरच पाट्या रिकाम्या केल्या. एकानं नाकाला चप्पल लावली, दुसऱ्यानं तोंडात पाणी ओतलं. सगळे आपलेपणानं करत होते, हे मला मान्य आहे. पण आपलेपणानं माणूस मारतातच की.

गलका ऐकून बाई आल्या. "मेला न्हाई तर पुरायलात कावून? काढा वर."

वर काढल्यावर त्यांनी मानेला बोटं लावली. "नाडी हाय. श्वास न्हाई." तोंड एका बाजूला वळवून बोटानं आतला गुटख्याचा तोबरा आणि राख काढली. कुणीतरी डोक्याखाली पोतं घालायला लागला, ते भिरकावलं. एक हात कपाळावर ठेवून डोकं मागं केलं, दुसऱ्यानं हनुवटी उचलली. "बेशुद्ध माणसाची जीभ मागं पडती, वाट बंद व्हती." मग नाक चिमटीत धरलं, तोंडावर तोंड घट्ट लावलं आणि फुंकलं. भाऊजींची छाती वर आली.

मागं कुजबुज झाली. "परक्या गड्याच्या तोंडाला तोंड?"

बाई मान वर न करता म्हणाल्या, "तुमी लावता का? या मग."

कुणी आलं नाही. मी गेलो. माझ्या पहिल्या फुंकेला नुसतं पोट फुगलं.

"हवा पोटात चालली. हनुवटी उचल की, फुगा फुगवायलास का? हळू सोड, छाती वर येईस्तोवर."

उचलली. छाती वर आली, खाली गेली. माझ्या जिभेवर भाऊजींच्या तोंडातली राख. आम्ही आळीपाळीनं फुंकत राहिलो, बाईंची बोटं मानेवरून हलली नाहीत. मग भाऊजींनी उचकी लागल्यासारखा स्वतःचा श्वास घेतला आणि ओकले. बाईंनी झटकन कुशीवर वळवलं. अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात पोचेपर्यंत जीपमध्ये त्यांनी हनुवटी सोडली नाही.

भाऊजी चालत परत आले. मुकादम येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, "राख लई गुणाची हाय." आणि बाईंचं काय झालं? नळावर त्यांची घागर बायांनी बाजूला सारली. घरी सासऱ्यांनी त्यांच्या हातचं जेवण सोडलं. तोंड तर मीही लावलं होतं. मला कुणी चकार शब्द बोललं नाही. बाई मात्र बाटल्या. ज्यांनी भाऊजींना जिवंत पुरलं ते शहाणे राहिले.

ही चीड मला आजही झोपू देत नाही. मी आता सुरतेकडं असतो, घरापासून आणखी लांब. भाऊजींची पोर शाळेत जाते.

बाई, एक दिवस बहीण, भाऊजी आणि पोर, तिघांना घेऊन येईन. भावानं न्यावी तशी साडीचोळी आणीन, आणि नळावर बायांची गर्दी असेल तेव्हाच येईन. तुम्ही काय केलंत ते सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगेन. अजून जमलेलं नाही. पण फेडीन.