लवू गावडेच्या तोंडून निघालेलं वाक्य

लवू गावडेला मी तीस वर्षं ओळखतो. कॅरमच्या बोर्डावर त्याच्याइतका शांत हात मी पाहिला नाही. आणि आतून त्याच्याइतका जळणारा माणूसही पाहिला नाही. यातली दुसरी गोष्ट त्यानेच मला सांगितली, म्हणून लिहायची हिंमत करतो.

त्याचे वडील कुडाळकडचे, गिरणीत कामाला. गिरणी बंद पडली तसं बिऱ्हाड नाहूरला आलं. लवू आमच्या मंडळाच्या हॉलमध्ये खेळून मोठा झाला आणि बाविसाव्या वर्षी एका विमा कंपनीत खेळाडूंसाठी राखलेल्या जागेवर लागला. राजाराम उबाळे जालन्याकडून आलेला, बौद्ध घरातला. तो खासगी कंपनीत लिफ्टची दुरुस्ती करायचा, पुढे सुपरवायझर झाला. हे दोघे अठरा वर्षं दुहेरीत एकत्र खेळले. मुलुंड ते घाटकोपर, एकही स्पर्धा सोडली नाही.

लवू रोज दोन तास सराव करायचा. राजाराम आठवड्यातून दोनदा यायचा, गप्पा मारत खेळायचा आणि अवघड सोंगटी हसत हसत भोकात घालायचा. लोक टाळ्या वाजवायचे त्या राजारामच्या फटक्याला. "मी घर बांधायचो आणि हा येऊन वर झेंडा लावायचा," लवू मला म्हणाला होता. बक्षिसाच्या फोटोत राजाराम मधे उभा आहे की आपण, हेसुद्धा तो घरी जाऊन बघायचा.

पुढे राजारामने मुलुंडला टॉवरमध्ये घर घेतलं. वास्तूला आम्ही सगळे गेलो. लवूची बायको रत्नप्रभा त्या घराचं स्वयंपाकघर बघून आली आणि दोन दिवस त्याबद्दलच बोलत राहिली. तिसऱ्या दिवशी लवू तिच्यावर खेकसला, "पुरे झाला आता. किचनच आसा ना, राजवाडो नाय." तरीही लवू आणि राजारामची दोस्ती तुटली नाही. एकमेकांच्या घरी जेवण, आजारपणात धावपळ, सगळं चालूच होतं.

मग मुलींचं सुरू झालं.

लवूची श्रुतिका आठव्या वर्षापासून बापाकडे शिकत होती. राजारामची चेतना तेराव्या वर्षी आली. लवूनेच तिला बसवलं, बोटं कशी ठेवायची ते शिकवलं. दोन वर्षांत ती श्रुतिकाच्या बरोबरीला आली. तेव्हापासून लवू तिला कोपऱ्यातल्या बोर्डावर बसवायला लागला, नवीन काही दाखवायचं तर ती घरी गेल्यावर दाखवायला लागला. माझ्या लक्षात आलं होतं. मी बोललो नाही.

गेल्या वर्षी जानेवारीत राज्य स्पर्धेसाठी उपनगराच्या मुलींची निवड होती. तीन जागा भरल्या होत्या, शेवटच्या जागेसाठी श्रुतिका आणि चेतना समोरासमोर आल्या. रविवारची दुपार, आमचाच हॉल, पंच मी. तिसरा गेम, एकवीस-एकवीस. चेतनाने राणी घेतली होती. श्रुतिकाची पाळी आली आणि तिचा एक साधा कट चुकला, जो ती झोपेतही घालते. चेतनाने उरलेल्या तीन सोंगट्या एका दमात घातल्या, शेवटची मागून कडेला आपटून. सामना संपला.

लवू खुर्चीवरून उठला. "कोपर रेषेच्या आत आलं होतं. फाऊल आहे हा."

"नव्हतं आलं, लवू," मी म्हणालो. "मी बघत होतो."

"तू काय बघतोस? मला इथून दिसतंय."

राजाराम दोन खुर्च्या सोडून बसला होता. तो अगदी हळू म्हणाला, "नाना बघत होता ना रे. राहू दे."

एवढंच. पण लवू त्याच्याकडे वळला, त्याचा चेहरा लालबुंद झाला होता. तो म्हणाला, "शेवटी जात दाखवलीसच. तुम्हा लोकांना सगळं आयतंच हवं असतं. तिकडे सवलती, आता इथेपण."

हॉलमध्ये तीसेक माणसं होती. कोणी काही बोललं नाही. मीही नाही. सोंगट्या मोजायच्या बाकी होत्या म्हणून मी खाली बघून सोंगट्या मोजत राहिलो. त्याची लाज मला आजही वाटते.

राजारामने चेतनाचा स्ट्रायकर उचलला, डबीत ठेवला. "चल," म्हणाला. नियमाप्रमाणे चेतनाने श्रुतिकाशी हात मिळवला. श्रुतिकाने तो हात धरून ठेवला, सोडेचना. शेवटी चेतनानेच सोडवून घेतला.

घरी काय झालं ते मला रत्नप्रभाने सांगितलं. लवू हातपाय धुऊन बसला आणि म्हणाला, रागात गेलं तोंडातून. श्रुतिका दाराशी उभी होती.

"बाबा, कॅरमच्या बोर्डावर कुठली सवलत असते?"

"म्हटलं ना, रागात गेलं."

"तुम्हाला नोकरी खेळाडूंच्या जागेवर लागली. काका आयुष्यभर प्रायव्हेटमध्ये. त्यांनी कसली सवलत घेतली?" मग ती म्हणाली, "राग माझ्यावर होता ना? कट मी चुकवला. मग मला का नाही बोललात? त्यांची जात कुठून आली मध्ये?"

रत्नप्रभा एवढंच म्हणाली, "त्येंच्या घरात जेवलंव आमी. आता खंयच्या तोंडान जातलंव?"

आठवड्याने लवू मुलुंडला गेला. एकट्याने जायची छाती होईना म्हणून मला बरोबर घेतलं. राजारामने दार उघडलं, आत घेतलं. त्याची बायको राधा चहा ठेवायला गेली.

"रागात बोललो रे," लवू म्हणाला. "माझ्या मनात तसं काही नाही."

"लवू, त्या वेळी तुला नक्की काय लागलं होतं?"

लवू खाली बघत म्हणाला, "चेतना जिंकली ते."

"मग तेवढंच बोलायचं होतंस. मी ऐकून घेतलं असतं. बाप आहे, मला कळतं." राजारामचा आवाज चढला नव्हता. "श्रुतिकाचा दहावा वाढदिवस आठवतो? तुझ्या गाववाल्यांना माझी ओळख करून दिलीस. म्हणालास, हा राजाराम, पण त्यांच्यातला वाटत नाही. सगळे हसले. मीपण हसलो."

"अरे, ते कौतुकाने म्हटलं होतं."

"माहितीये. म्हणून तर सहा वर्षं बोललो नाही. पण परवा तू बोललास तेव्हा मला नवीन काही वाटलं नाही. फक्त वाटलं, आज पोरीने ऐकलं."

राधाने चहा ठेवला आणि उभ्यानेच म्हणाली, "आलात ते बरं केलंत, भावजी. पण ती आत बसलीये. तिला सांगा."

लवूने आतल्या दाराशी जाऊन हाक मारली. चेतना बाहेर आली नाही. आतूनच म्हणाली, "काका, मला आत्ता काही ऐकायचं नाही." आम्ही चहा प्यायलो आणि निघालो.

नाहूरपर्यंत आम्ही चालत आलो. पुलावर लवू थांबला. "नाना, मला खरंच वाटायचं मी तसा नाही. मी त्याच्या ताटात जेवलोय यार." मग म्हणाला, "त्याच्यापुढे माझं सगळं कमी. खेळ कमी, घर कमी, आता पोरगीपण हरली. त्या क्षणाला त्याला कुठेतरी खाली ढकलायचं होतं. आणि मी त्याच्यापेक्षा वर कशात आहे म्हणून शोधलं, तर एकच हाताला लागलं. त्यात मी काही केलेलंच नाही. जन्माला आलो आणि लोकांनी सांगितलं, तू वरचा. मी आयुष्यभर ते नको म्हणालो नाही. ऑफिसात कोणी जोक केला की हसलो. ते आत पडूनच होतं."

मी त्याला सांगितलं की मीही हसलोय. दुसरं काय सांगणार?

मंडळाच्या पुढच्या सभेत लवू सगळ्यांसमोर उभा राहिला. म्हणाला, कोपर आत आलं नव्हतं, मी खोटं बोललो, आणि पुढे जे बोललो ते त्याहून वाईट होतं. एकदोघे पुटपुटले, एवढं काय झालं, खेळात होतंच. लवू त्यांना म्हणाला, "तुम्हाला नाही झालं. ज्याला झालं तो इथे नाही." पण राजाराम मंडळात परत आला नाही. चेतना घाटकोपरच्या एका क्लबात जाऊ लागली. महिन्याभराने श्रुतिकाही तिथेच जाऊ लागली. लवूने अडवलं नाही, पण ज्या दिवशी ती पहिल्यांदा गेली त्या दिवशी तो जेवला नाही, असं रत्नप्रभा सांगते.

राज्य स्पर्धेत चेतना उपांत्य फेरीपर्यंत गेली. लवू मला दर तासाला फोन करून स्कोअर विचारायचा. ती हरली तेव्हा तो म्हणाला, "बरं वाटलं रे मला. बघ, अजून जळतोय."

गेल्या डिसेंबरात घाटकोपरच्या खुल्या स्पर्धेत चेतना खेळत होती. लवू तिच्या बोर्डाजवळ गेला आणि सामना सुरू व्हायच्या आधी म्हणाला, "त्या दिवशी फाऊल नव्हता. आणि मी जे बोललो ते तुला ऐकायला लागलं, त्याची माफी मागतो."

चेतना बोर्डावर पावडर पसरत होती. "श्रुतिकाने सांगितलं मला, तुम्ही सभेत बोललात ते," ती म्हणाली. "पण मी परत तुमच्याकडे शिकायला येणार नाही, काका."

"नको येऊस," लवू म्हणाला.

ती जिंकली. लवूने टाळ्या वाजवल्या. मी बाजूलाच होतो, टाळ्या वाजवताना त्याचा जबडा आवळलेला मला दिसत होता. समोरच्या रांगेत राजाराम बसला होता. त्याने लवूकडे बघून मान हलवली, ओळखीच्या माणसाला हलवतात तशी. तो आता दुहेरीत भांडुपच्या एकाबरोबर खेळतो. लवूने अजून दुसरा जोडीदार घेतलेला नाही.