बॅटरी कशाला जाळायची

शेवगावकडच्या कालव्याच्या चौकीवर मी कारकून होतो. तिथले वायरलेसवाले काका रोज सकाळी सेटची पॉवर एकेक आकडा खाली आणत. पलीकडच्या चौकीतून "आवाज तुटतोय" असं आलं, की एक आकडा वाढवून थांबत. "त्यांना ऐकू गेलं की बास. बॅटरी कशाला जाळायची?" माझ्याशीही ते ऐकू येईल इतपतच बोलत.

एका उन्हाळ्यात बघतो, तर पॉवरचं बटण कायम सगळ्यात वरच्या आकड्यावर. बॅटरी सायकलला बांधून ते आठवड्यातून दोनदा चार्जिंगला नेऊ लागले. मी विचारलं, तर बटणाकडे बघतच म्हणाले, "पलीकडच्या तात्यांना आता कमी ऐकू येतंय. खरखर असली की समजत न्हाई, अन् परत इचारायची लाज वाटती त्यांना. दिवाळीला रिटायर व्हतील. तवर जळू द्या."