लाल कागदाखालचं नाव

कल्पना करा, तुमच्यासमोर उकळी फुटायच्या बेतातलं पाणी आहे आणि त्यात वीस-पंचवीस रेशीमकोष तरंगताहेत. प्रत्येकावर केसाहून बारीक असा एकच धागा गुंडाळलेला, काही शे मीटर लांब. त्याचं टोक बोटांनी शोधायचं. पाणी कोमट राहिलं तर धाग्याचा डिंक सुटत नाही, फार तापलं तर कोषाचा लगदा होतो. हातमोजे नाहीत. आणि तुमचं वय बारा.

माझ्या आजोबांची बहीण लो सुनहेई, आमची गूपो, हे काम सहा वर्षं करत होती. मी यंत्रांचं शिक्षण घेतलंय, धाग्यावरचा ताण मोजू शकते. पण पाण्याची उष्णता निव्वळ बोटांना कशी कळायची, ते मला अजून उलगडलेलं नाही.

अठराव्या वर्षी तिने वेणी सोडून स्वतःच्या हातांनी अंबाडा बांधला. दक्षिण चीनमधल्या आमच्या शुंदाकमध्ये याचा अर्थ एकच: नवरा नाही, मूल नाही, माघार नाही. रेशमाचे कारखाने बंद पडल्यावर ती सिंगापूरला गेली आणि चाळीस वर्षं दुसऱ्यांची मुलं वाढवली. अशी मुलगी भावाच्या घरात मेलेली चालत नाही, म्हणून तिच्यासारख्या साठ जणींनी मिळून गावात स्वतःचं घर बांधलं.

त्या घराच्या वरच्या दालनात साठ लाकडी पाट्या आहेत, प्रत्येकीवर एकेकीचं नाव. जिवंत असेपर्यंत नावावर लाल कागद. ती गेली की त्या साठांतल्याच एखाद्या मानलेल्या बहिणीने कागद काढायचा. मगच तिला भात आणि उदबत्ती मिळते. कागदाला हात बहिणीचाच, लग्न झालेल्या बाईचा नाही, हा त्यांचा नियम. तीन वर्षांपूर्वी गूपोने आकिन या सोबतिणीचा कागद काढला. त्यानंतर एकच उरला.

यंदा, अठ्ठ्याण्णव साली, चिंगमिंगच्या, म्हणजे पितरांच्या सणाच्या, आदल्या आठवड्यात झाडलोट करणाऱ्या फुनकाकूंनी तोही पुसून काढला.

मी गूपोला धरून वर नेलं तेव्हा ती स्वतःच्या नावापुढे थबकली. समोर भाताची वाटी वाफाळत होती.

"फुन," ती म्हणाली, "मी कधी गेले गं?"

फुनकाकूंच्या हातातलं फडकं गळून पडलं. "अगं बाई! गूपो! मला वाटलं, जुना कागद, कुणाचा तरी काढायचा राहून गेला असेल."

"राहून गेलेली मीच आहे."

"उतरवते मी भात, लगेच!"

"असू दे. गरम आहे ना?" गूपोने वाटी उचलली आणि तिथेच, उभ्याउभ्या, खाऊन टाकली. "मीठ घालत जा जरा. बाकीच्या एकोणसाठ जणी बोलत नाहीत म्हणून काय झालं?"

आधी फुनकाकू रडल्या, मग हसल्या.

गूपोने स्वयंपाकघरात तांदळाच्या पिठाची खळ शिजवली. रटरटत्या पातेल्यात बोट बुडवून पाहिलं आणि आणखी पाणी ओतलं.

"एवढी पातळ? पावसाळ्यात सुटेल," मी म्हणाले. "खळ घट्ट असली की पकड..."

"पकड मला कळते, इंजिनिअरबाई. मी आहे तोवर कागद राहिला पाहिजे, आणि नंतर वाफ दाखवली की अख्खा सुटला पाहिजे. नाव खरवडलं जाता कामा नये. कोषाचंही तसंच असतं. ओढायचं नाही, सोडवायचं."

नवा कागद तिनेच लावला. अंगठा एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत असा फिरवला की खाली हवेचा एक बुडबुडा राहिला नाही. हात चौऱ्याऐंशी वर्षांचा. जग सोडताना लागणारी तयारी कुणी इतक्या नेमकेपणाने करताना मी पाहिलं नव्हतं.

मग मात्र तिचा हात तिथेच रेंगाळला.

"शरदात तुझं लग्न ना?"

"हो."

"मुलगा बरा आहे. जेवतो नीट." तिने कागदाची कड पुन्हा एकदा दाबली. "वाफ दाखवायला तुला येईल. हात हलका आहे तुझा."

"पण गूपो, नियम?"

तिने त्या एकोणसाठ उघड्या नावांवरून नजर फिरवली, एकेका ओळीवर थांबत, जणू प्रत्येकीला विचारत होती.

"नियम आम्ही साठ जणींनी मिळून केला होता," ती म्हणाली. "आता एकटीने बदलला, तर चालेल का गं?"