संदेश त्याच्या फोनवर जात होते

नवऱ्याची मारहाण असह्य होऊन अक्का माझ्याकडे तंजावूरला राहायला आली, तेव्हा बरोबर फक्त आपली गाडी आणली. विजेवर चालणारी ती गाडी तिनं स्वतःच्या पगारातून घेतली होती. माझा नवा पत्ता आम्ही कुणालाच कळू दिला नाही. चार्जिंगचं कार्ड मात्र ती आधीचंच वापरत राहिली. ते खातं नवऱ्यानं आपल्या फोन नंबरावर उघडलेलं. कार्ड यंत्राला टेकवलं की ठिकाण आणि वेळ त्याला कळत होती, हे आमच्या ध्यानातच आलं नाही.

त्या रविवारी सकाळी आम्ही दोघी तिरुवैयारूला आईकडे निघालो होतो. वाटेत एका हॉटेलसमोर अक्कानं गाडी चार्जिंगला लावली. थोड्या वेळात तो मोटारसायकलवरून आला. अक्कानं दारं बंद करून गाडी काढायला बघितली, पण केबल जोडलेली असल्यामुळे गाडी जागची हलेना. त्यानं हेल्मेटनं काच फोडली, केस धरून तिला खिडकीतून अर्धी बाहेर ओढली आणि तोंडावर ठोसे मारत सुटला. मी पलीकडून उतरून धावले, त्याच्या मनगटाला कडकडून चावले. तोंडात रक्त आलं, तरी मला सोडावंसं वाटेना. त्यानं लाथ मारून मला पाडलं.

हॉटेलातली माणसं धावत आली. त्यानं त्यांच्यापुढे फोन धरला. बायको माझी, खातं माझं, बघा, म्हणाला. आणि ती माणसं खरोखरच थबकली.

शहाळी विकणारी एक बाई मात्र कोयता घेऊन पुढे झाली. "हात काढ," ती तमिळमध्ये म्हणाली, "नाहीतर इथंच तोडीन."

त्यानं हात काढला.

पोलीस ठाण्यात त्याच्या फोनवर तीन महिन्यांची यादी निघाली: अक्काच्या बँकेजवळचा चार्जर, दवाखान्याजवळचा, माझ्या गल्लीच्या तोंडाशी असलेला. फौजदारांनी कंपनीला फोन लावला. ओटीपीशिवाय खातं बंद होणार नाही, असं उत्तर आलं, आणि ओटीपी जाणार त्याच्याच फोनवर. मग फौजदारांनी त्याला समोर उभं करून ते आकडे मोठ्यानं वाचायला लावले.

अक्काचे दोन दात गेले होते, जबडा तारेनं बांधला होता. तो जामिनावर सुटला. खटला अजून चालू आहे. इस्पितळातच मी तिला तिच्या नंबरावर नवं खातं उघडून दिलं. पासवर्ड टाकायची वेळ आली तेव्हा तिनं फोन माझ्या हातातून घेतला आणि मला पलीकडे बघायची खूण केली.

मी खिडकीकडे तोंड करून उभी राहिले.