बुकप्लेटवरची बिनचेहऱ्याची बाई

“मॅडम, कॅप्शन जरा वजनदार होऊ द्या. उद्घाटनाला पेपरवाले आहेत,” ग्रंथपाल सर म्हणाले. मी मान डोलावली. वजनदार लिहायला मला कोणी सांगावंच लागत नाही.

बुकप्लेट म्हणजे पुस्तकाच्या कव्हरच्या आत चिकटवायची छापील चिठ्ठी. पुस्तक कोणाचं, ते सांगणारी. ही भास्कररावांची होती. ते नाशिकरोडला छापखान्यात एनग्रेव्हर होते, म्हणजे छपाईसाठी धातूच्या पत्र्यावर बारीक कोरणारे. ते गेल्यावर पत्नी कुसुमताईंनी त्यांची सगळी पुस्तकं आमच्या वाचनालयाला दिली. त्यांचंच प्रदर्शन होतं.

बुकप्लेटवर त्यांनी कोरलेलं चित्र विलक्षण होतं. आभाळात तरंगणारी खुर्ची, तिच्यावर बसलेली नऊवारीतली बाई. तिच्या वेणीची खाली नदी झालेली आणि नदीत होड्यांसारखी उघडी पुस्तकं. बाईला चेहरा मात्र नव्हता, नुसता रिकामा गोल. मी कॉलेजात कलेचा इतिहास शिकवते. असं काही दिसलं की मला राहवत नाही. मी लिहिलं, ‘तरंगती खुर्ची म्हणजे तुटलेपण. रिकामा चेहरा म्हणजे सोबत राहूनही कधी न पाहिलेली पत्नी.’

उद्घाटनाला मी ते माइकवरून वाचून दाखवलं. टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत कुसुमताई मांडीवर शाल-श्रीफळ घेऊन बसल्या होत्या. नंतर त्या माझ्याजवळ आल्या.

“मॅडम, तुमचा अभ्यास आहे. म्हणजे ह्यांनी माझ्याकडे कधी नीट बघितलंच नाही का हो?”

“अहो ताई, ही प्रतीकं असतात. मनाला लावून घेऊ नका,” मी म्हणाले आणि फोटोसाठी उभी राहिले.

बातमी छापून आली. ती वाचून भास्कररावांच्या जुन्या सेक्शनच्या साहेबांनी मला फोन केला.

“मॅडम, चेहरा कसा असेल? भास्कर अक्षरं आणि नक्षीवाला. आमच्याकडे चेहरे कोरणारे वेगळे. एक रेघ चुकली की माणूस दुसराच दिसतो. दुसऱ्याच्या कामाला हात लावायचा नाही, असा रिवाज होता. बायकोचा चेहरा त्यानं आमच्या पोर्ट्रेटवाल्यासाठी ठेवला होता. तो बिचारा ते काम हातात घेण्याआधीच वारला. मग भास्करनं दुसऱ्या कोणाला तो कोरूच दिला नाही. म्हणायचा, माझ्या बायकोचा चेहरा बिघडवायचा नाय.”

मी फोन ठेवला. एनग्रेव्हिंगमधली ही कामांची वाटणी मी वर्गात शिकवते. हे चित्र बघताना ती मला आठवली नाही, कारण मला टाळ्या हव्या होत्या. एक फोन आधी मीही करू शकले असते. लाज वाटली, अजून वाटते.

कॅप्शन काढलं आणि कुसुमताईंच्या घरी गेले. साहेब बोलले ते सगळं सांगितलं. माफी मागितली. त्यांनी चहा ठेवला. कप माझ्यापुढे सरकवला.

“बरं केलंत सांगितलंत,” त्या म्हणाल्या. “पण मॅडम, इतकी वर्षं त्या गोलात मला माझाच चेहरा दिसायचा. तुमचं ऐकल्यापासून दिसत नाही. घरात एक चिठ्ठी ठेवून घेतलीय, ती आत्ता चहा ठेवताना परत बघून आले.”

चित्राचा अर्थ सांगण्याआधी घरच्यांना चार प्रश्न विचारावेत, हे मी आता विद्यार्थ्यांना सांगते. ते वहीत उतरवून घेतात. नवं कॅप्शन दोन ओळींचं आहे. ते वाचायला कुसुमताई अजून आलेल्या नाहीत.