मागच्या कप्प्यातल्या बाटल्या

माझ्या थोरल्या नणंदेला जनावरांच्या दवाखान्यात सगळे 'काबाई' म्हणत, आणि तेही तोंडावर. कारण कुणी काहीही सांगितलं की त्यांचा पहिला शब्द 'का?' असे. डॉक्टर म्हणाले, लस मानेतच टोचायची, की 'का?' डॉक्टर म्हणाले, दिवस भरत आलेल्या गाईला आज टोचू नका, की 'का?' डॉक्टर भला माणूस, उत्तरं द्यायचे. पण दुपारचा डबा उघडेपर्यंत त्यांचाही जीव मेटाकुटीला येई.

मी त्यांना वन्सं म्हणते. लग्न त्यांनी केलं नाही. "बघायला आलेल्यांना मी दोनच प्रश्न विचारले, चहा टाकून पळाले," असं त्या सांगतात. पुढच्या खोलीत ह्यांचं शिवणकाम, मागे स्वयंपाकघर, आणि मधल्या खोलीत वन्सं आणि त्यांच्या वह्या, असं आमचं तिघांचं घर.

वन्संचं काम लस टोचण्याचं. सकाळी दवाखान्याच्या फ्रीजमधून बाटल्या काढून थंड पेटीत भरायच्या, पेटी खांद्याला लावायची आणि गोठेच्या गोठे पालथे घालायचे. मालकाने दावं आखडून धरायचं, वन्संनी मानेवर दोनदा थोपटायचं, तिसऱ्या थापेला सुई आत. मग कानातल्या बिल्ल्याचा नंबर वहीत. लाथ कुठून येणार हे त्यांना आधीच कळे. "वहिनी, शेपटीकडे नाही, कानांकडे बघायचं," असं मला बजावत, जशी काही मी उद्यापासून कामावर जाणार होते.

त्या वर्षी टेकडीपलीकडच्या वस्तीत लाळ-खुरकूत शिरला. ह्या रोगात जनावराच्या तोंडात फोड येतात, लाळेच्या तारा लोंबतात, खुरांच्या बेचक्यात जखमा होतात, गाय दूध तोडते आणि पाय टेकवत नाही. वस्तीत एक्केचाळीस जनावरं. एकोणीस आजारी पडली, दोन वासरं दगावली. आणि अडीच महिन्यांपूर्वीच वन्संनी स्वतः तिथे झाडून सगळ्या जनावरांना लस टोचली होती.

वन्सं डॉक्टरांबरोबर तिथे गेल्या, तेव्हा दूधवाली मावशी फाटकातच उभी होती. आमच्याकडे दूध हिचंच. एरवी वन्संना "ये पोरी" म्हणणारी बाई, त्या दिवशी फाटकाची कडी काही काढेना.

"पाणी टोचलंस तू," ती म्हणाली. "निव्वळ पाणी. माझं वासरू सकाळी उठलंच नाही."

परतताना डॉक्टर समजुतीने म्हणाले, "काही जनावरांना लस लागू पडत नाही. होतं असं."

"का? आणि कुठल्या?"

"ते सांगता येत नाही."

हे 'सांगता येत नाही' वन्संना काही केल्या पचेना. घरी आल्या, ह्यांचा कापडावर खुणा करायचा खडू उचलला आणि स्वयंपाकघराच्या फरशीवर अख्खी वस्ती काढली. वरची आळी, खालची आळी, मधे पाण्याचा हौद. आजारी जनावर तिथे फुली, धडधाकट तिथे गोल. चार दिवस मी भाजीची टोपली घेऊन गोठ्यांवरून उड्या मारत होते. ह्यांनी एकदा चुकून मावशीच्या गाईवर पाय दिला, तर वन्सं केवढ्याने ओरडल्या!

फुल्या झाल्या तेव्हा मलाही दिसलं. वरच्या आळीत एकही फुली नाही. सगळ्याच्या सगळ्या खाली.

"हौद एकच," वन्सं स्वतःशीच बोलायला लागल्या. "चरायचं रान एकच. लस एकाच खोक्यातली. सुई मारणारी मी. मग?"

वही काढली. वरची आळी पहिल्या दिवशी झाली होती, खालची दुसऱ्या दिवशी. एवढाच काय तो फरक, आणि त्यातून काही निघेना.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना फ्रीजमधून काकडी काढून द्यायला सांगितलं. काकडी हातात घेऊन त्या तशाच उभ्या.

"वहिनी, ही काचेसारखी का झाली?"

"मागे सरकली असेल. मागे भिंतीला लागलेलं सगळं गोठतं आपल्याकडे."

"आणि पुढचं?"

"पुढचं ठीक असतं की."

काकडी ओट्यावर ठेवून त्या चप्पल घालून गेल्यासुद्धा. सुट्टीचा वार होता, दवाखान्याची किल्ली त्यांच्याकडेच असे. माझ्या सहा वाट्या तेवढ्या पिशवीतून गेल्या.

दवाखान्याच्या फ्रीजमध्ये त्यांनी सहा ठिकाणी वाटीभर पाणी ठेवलं आणि समोर स्टूल टाकून बसल्या. संध्याकाळी दार उघडलं. पुढच्या चार वाट्यांत पाणीच होतं. मागच्या दोन वाट्यांवर बर्फाची साय धरली होती. मग खोक्यातलं माहितीपत्रक उलगडून वाचलं. थंड ठेवा, हे सगळ्यांना पाठ होतं. त्याच्याच खाली लिहिलं होतं, गोठू देऊ नका. गोठलेली लस वापरू नका. पुढच्या बाटल्या पहिल्या दिवशी गेल्या होत्या. मागे राहिलेल्या, भिंतीला टेकलेल्या, दुसऱ्या दिवशी खालच्या आळीत.

पण फ्रीज इतका गार झाला कसा? थर्मामीटर दारात टांगलेला असे, आणि दाराजवळ हवा उबदार. उन्हाळ्यात दारातला आकडा चढलेला पाहून कुणीतरी फ्रीजचं बटण पार टोकापर्यंत फिरवलं होतं. कुणीतरी म्हणजे वन्संनीच.

त्या घरी आल्या, फरशीवरची वस्ती ओल्या फडक्याने पुसली आणि न जेवता पडून राहिल्या. एकही प्रश्न विचारला नाही. ह्यांनी मला खुणेने विचारलं, ताप आहे का?

सकाळी त्यांनी डॉक्टरांना सगळं सांगितलं. डॉक्टरांनी खोक्यातलं पत्रक उलगडून शेवटपर्यंत वाचलं. "मीही ते पत्रक कधी पूर्ण वाचलं नाही," म्हणाले. "वर लेखी कळवतो. रोग ओसरला की नव्याने टोचू. पण वस्तीत जाऊन सांगू नका. गोठ्यात पाय ठेवू देणार नाहीत."

"आत्ता तरी कुठे देतायत?" वन्सं म्हणाल्या.

त्या दिवशी मी सोबत गेले. हौदाच्या कठड्यावर वन्संनी दोन बाटल्या शेजारी शेजारी ठेवल्या. एक दुधासारखी एकजीव पांढरी. दुसरी त्यांनी मुद्दाम गोठवून वितळवलेली. तिच्यात खाली पाणचट थर, वर घट्ट. दहा-पंधरा माणसं जमली. वन्संनी बटणापासून बाटलीपर्यंत सगळं सांगितलं आणि म्हणाल्या, "चूक माझी आहे."

मावशीने थर धरलेली बाटली उचलली आणि खळाखळा हलवली. ती दुसरीसारखीच पांढरी दिसायला लागली.

"हलवल्यावर तर सारखीच दिसते."

"हो. आणि टोचण्याआधी हलवायचीच असते. म्हणून मलाही दिसलं नाही."

"मग आता कसं कळलं?"

वन्संनी काकडीचं सांगितलं. मागे कुणीतरी हसलं. मावशी हसली नाही.

"माझं वासरू गेलं," ती म्हणाली.

"हो."

"नुसतं हो?"

"दुसरं काय म्हणू, मावशी?"

मावशीने बाटली कठड्यावर ठेवली आणि गोठ्यात निघून गेली. वाटेत वन्सं एवढंच म्हणाल्या, "आणखी ओरडली असती तर बरं झालं असतं."

दवाखान्याच्या फ्रीजमध्ये थर्मामीटर मधल्या कप्प्यात आला, मागच्या भिंतीला जाड पुठ्ठा लागला आणि माझी एक वाटी तिथे कायमची राहिली. दोन महिन्यांनी नवी लस घेऊन वन्सं वस्तीत गेल्या. पहिलंच घर पैलवानाचं. दोन बैलांचा मालक. त्याने दारातूनच हात जोडले. दुसऱ्या दोघांनीही नको म्हटलं. मावशीने बाटली मागून घेतली, भिंतीवर ठेवली आणि चारही गाईंना पाणी पाजून येईपर्यंत तशीच राहू दिली. मग डोळ्यांजवळ धरून निरखली. थर नव्हता.

"टोच," ती म्हणाली आणि दावं स्वतः धरलं. 'पोरी' काही म्हणाली नाही, आणि पुढेही कधी म्हणाली नाही. पण बाकीच्यांनी ते पाहिलं. नको म्हणणारे दोघंही संध्याकाळपर्यंत तयार झाले. पैलवान तेवढा राहिला.

पुढच्या वर्षी आसपास पुन्हा साथ आली. वस्तीत दोनच जनावरं आजारी पडली, दोन्ही पैलवानाची. तो सकाळी आमच्या दारात आला आणि बोलेना, तेव्हा हे त्याला गिऱ्हाईक समजून छातीचं माप घ्यायला लागले. हात वर करून उभ्या उभ्याच तो म्हणाला, "बाई आहेत का घरी?"

आठ दिवस वन्सं रोज टेकडी ओलांडून गेल्या. पैलवान बैलाचा पाय मांडीवर घेऊन बसे, वन्सं जांभळ्या औषधाच्या पाण्याने खूर धुवत. नवव्या दिवशी दोन्ही बैलांनी हिरवा चारा तोंडात धरला. एकाची चाल थोडी तिरकी राहिली, पण पैलवान म्हणतो, रान चरायला तेवढी चाल पुरते.